चप्पल घालून हात लाव!

विदर्भातल्या घराघरांत उन्हाळ्यात एकदा तरी ऐकू येणारं हे वाक्य. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घरातल्या बाईनं केली की हे उत्तर ठरलेलं. नवरा सांगतो, सासू सांगते, शेजारची काकू सांगते. आणि बाईही दारातली स्लीपर पायात सरकवते, बादली उचलते आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतते. विषय संपला!

मला या वाक्याचा राग येतो. ते साफ खोटं आहे म्हणून नाही; त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तर ते इतकी वर्षं टिकलं. राग येतो तो यासाठी, की जे गणित नववीतली प्रत्येक मुलगी परीक्षेसाठी सोडवते, ते नेमकं या जागी, या कूलरपाशी, तिला कुणी सोडवायला सांगत नाही.

मी झरी जामणी तालुक्यात विज्ञान शिकवते. यवतमाळ जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं टोक. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. कापूस, तूर, सोयाबीन, मधूनमधून जंगल आणि कोलामांचे पोड. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्याच असतात. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना कूलर म्हणजे एसी न परवडणाऱ्यांची सोय वाटते. इथे ज्याच्या घरात लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस आहे, त्याला कूलर म्हणजे औषधासारखा. पोडावरच्या अनेक घरांत तोही नसतो, एक बल्ब आणि एक पंखा असतो, हेही सांगून ठेवते. पण पाटण, मुकुटबन, झरी अशा गावांत पत्र्याचा कूलर आता घरोघर दिसतो. आणि त्यात पाणी कोण भरतं? बाई. नाहीतर शाळेतून आलेली मुलगी.

मार्च ते जून या काळात आमच्याकडची वर्तमानपत्रं चाळा. आतल्या पानावर, चार-पाच ओळींत, ‘कूलरचा शॉक लागून मृत्यू’ अशी बातमी दर उन्हाळ्यात असतेच. कधी पाणी भरणारी बाई, कधी खेळता खेळता हात लागलेलं लेकरू. खाली ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’. हळहळीनं कूलरची गळती थांबत असती तर एव्हाना सगळा विदर्भ सुरक्षित झाला असता!

आता गणिताकडे येते. नववीच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ नावाचा धडा आहे. त्यात ओहमचा नियम. विभवांतर म्हणजे व्होल्टेज, विद्युतधारा म्हणजे करंट, आणि रोध म्हणजे त्या करंटला होणारा अडथळा. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो. व्होल्टेजला करंटनं गुणलं की शक्ती, म्हणजे वॅट. बस, एवढंच. भागाकार आणि गुणाकार. आपण किराण्याच्या यादीत यापेक्षा अवघड हिशेब तोंडी करतो.

वर्गात विचारलं, की वाहकाच्या दोन टोकांमधलं विभवांतर १२ व्होल्ट, धारा ०.५ अँपिअर, तर रोध किती? चार हात वर. “चोवीस ओहम, मॅडम!” मग मी विचारते, “तुमच्या घरच्या प्रेसचा रोध किती?” सगळ्या गप्प. एकीनं एकदा हळूच विचारलं होतं, “प्रेसले बी रोध असते का जी?”

असतो ना. प्रेस उलटी करून पाहा, खाली छोटी पट्टी असते. त्यावर लिहिलेलं असतं, समजा २३० व्होल्ट, ७५० वॅट. ७५० ला २३० नं भागा, ३.२६ अँपिअर. आता २३० ला ३.२६ नं भागा, साधारण ७० ओहम. झालं! त्या दिवशी मुलींनी घरी जाऊन प्रेस, मिक्सर, पाणी तापवायचा रॉड, जे दिसेल त्याच्या पट्ट्या उतरवून आणल्या. पुस्तकातला ‘वाहक’ म्हणजे आपल्या घरातली रोजची वस्तू आहे, हे एकदा कळलं की चेहरे बदलतात. (मिक्सर आणि कूलरच्या मोटारीचा हिशेब इतका सरळ नसतो, कारण त्यात फिरतं यंत्र आहे, पण तापणाऱ्या वस्तूंना हा नियम छान लागू पडतो.)

हा ओहमसुद्धा शाळामास्तरच बरं का! जर्मनीतल्या एका कुलूपवाल्याचा मुलगा. शाळेत शिकवता शिकवता स्वतःच्या हातानं उपकरणं जुळवून त्यानं तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक छापलं. त्याच्या देशात तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं तेव्हा कुठे लोकांनी मान वर करून पाहिलं.

तर आता हाच भागाकार प्रेसऐवजी आपल्या शरीराला लावून बघू. शरीरालाही रोध असतो. त्यातला मोठा भाग कातडीचा. काम करून राठ झालेल्या, अगदी कोरड्या बोटाचं टोक नुसतं टेकलं तर तो लाखभर ओहमसुद्धा असू शकतो. २३० भागिले एक लाख, म्हणजे अडीच मिलिअँपिअरच्या आत. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. एवढ्या करंटला झिणझिण्या येतात. ‘कूलर झिनझिन करते’ म्हणतात ती हीच.

आता हात ओले करा. पाय ओल्या फरशीवर, तेही अनवाणी. एका हातात पाण्यानं भरलेली स्टीलची बादली, दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर. अशा वेळी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. म्हणजेच २३० मिलिअँपिअर. कूलर तोच, बाई तीच, व्होल्टेजही तेच. फक्त पाणी मधे आलं आणि करंट शंभर पट झाला.

साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात. ‘लाइननं धरून ठेवलं’ असं आपण म्हणतो ना? लाइन धरत नाही, आपलाच हात आवळला जातो आणि सोडवता येत नाही. ३० च्या पुढे श्वास अडकू शकतो. ५० ते १०० च्या पुढे हृदयाची लय बिघडायचा धोका. आणि आपलं उत्तर काय आलं होतं? दोनशे तीस!

हे गणित मी फळ्यावर मांडते तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. २३० भागिले १००० हा भागाकार चौथीतलं पोरही करेल. त्याचं उत्तर कळायला मात्र कूलर डोळ्यांसमोर असावा लागतो.

कोरडा हात म्हणजे सुरक्षित हात, असंही समजू नका हं. २३० व्होल्टच्या दाबाखाली कातडीचा रोध झपाट्यानं कमी होतो. घामानं तर होतोच, आणि आमच्या उन्हाळ्यात कोरडा तळहात कुणाचा असतो?

मग चप्पलचं काय? रबरी स्लीपर म्हणजे करंटच्या वाटेत घातलेला आणखी एक रोध. हातातून शिरलेला करंट पायातून जमिनीत जातो, त्या वाटेत रबर आलं की तो अडतो. म्हणजे सांगणाऱ्याचं चुकत नाही. पण स्लीपर ओली असेल तर? बंद तुटलेला, टाच झिजलेली असेल तर? आणि मुख्य म्हणजे, तोल सांभाळायला दुसरा हात खिडकीच्या लोखंडी गजाला किंवा नळाला लावला तर? मग करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. पायातली चप्पल त्या वाटेवर येतच नाही. शिवाय अंगणातून पळत आलेलं दोन वर्षांचं लेकरू काय चप्पल घालून कूलरला हात लावणार आहे?

एका पालकसभेत एक ताई म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं आता एमसीबी बसवली हाय. आता काई भेव नाई.” हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा थांबून बोलायलाच हवं. फ्यूज असो की एमसीबी, ती तारेला वाचवायला असते. माणसाला नाही. घरातली एमसीबी ६ अँपिअरची असते, १६ ची असते. म्हणजे साधारण तेवढ्याच्या वर करंट गेला तरच ती पडणार. आपल्या ओल्या हाताच्या बाईच्या अंगातून किती चालला होता? ०.२३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो कळणारसुद्धा नाही. बाई तिथे आखडून पडली तरी एमसीबीच्या दृष्टीनं घरात एक जुना बल्ब जास्त लागला आहे, इतकंच.

बाईसाठी असतं ते वेगळं उपकरण. आरसीसीबी म्हणतात त्याला. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते सतत ताडून बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट भलत्याच वाटेनं चालला आहे, की क्षणात लाइन तोडतं. ३० हा आकडा कुठून आला, ते वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची ती वरची जाड, लांब पिन. कूलरच्या पत्र्यात लाइन उतरलीच तर तिला जमिनीत जायला सोपी वाट देणारी. आमच्याकडे ती पिन बिनकामाची समजतात. दोन पिनांचा प्लग लावतात, नाहीतर प्लगच नाही, वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्या खोचून घट्ट करतात. हे मी ऐकून नाही, पाहून लिहिते आहे.

बरं, तिसरी पिन आहे, पण पुढे जमिनीतली अर्थिंगच कमजोर असली तर? तिथेही तोच भागाकार. समजा अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ ची एमसीबी याला पडत नाही. म्हणजे करंट जमिनीत वाहतोय, एमसीबी शांत, आणि कूलरचा पत्रा तसाच जिवंत! आमची जमीन काळी. पावसाळ्यात चिखल, आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. कोरडी, भेगाळलेली माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि रोध वाढतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत कूलर चालतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलंच नाही, कारण अर्थिंग हे ‘माणसांचं’ काम!

इथेच माझं खरं म्हणणं आहे. विजेच्या बाबतीत घरातली वाटणी अशी झाली आहे, की वापर बाईचा आणि माहिती पुरुषाची. मिक्सर, प्रेस, रॉड, कूलर, वॉशिंग मशीन, मोबाइलचं चार्जिंग, सगळ्यांवर दिवसभर हात तिचा. पण बोर्डापाशी गेली की “तू हात नको लावू, तुला समजत नाही.” आणि ज्याला समजतं असं समजतात, त्याला तरी कुठे समजतं? काडी खोचणारा तोच असतो. मुलीला पाळण्यातून बल्ब दाखवत मोठी करतो आणि बल्बचा हिशेब विचारायची वेळ आली की तिला स्वयंपाकघरात पाठवतो. ती नववीत विज्ञानात नव्वद मार्क घेते, सासरी जाते, आणि तिथे तिलाही चप्पल घालून हात लावायला सांगतात.

विलायतेत हीच गोष्ट कॅरोलिन हॅस्लेट नावाच्या बाईला शंभर वर्षांपूर्वी दिसली. तिथेही वीज घरात नवीन येत होती आणि वापरणार होत्या बायका. तिनं १९२४ साली बायकांसाठी विजेची संघटनाच उभी केली आणि गृहिणींना ही उपकरणं समजून घ्यायला शिकवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरातल्या विजेच्या जोडण्या कशा असाव्यात हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यात वीस जणांत ती एकटी बाई होती. घरात लहान मुलं असतात, सॉकेटच्या भोकांत ती बोटं घालतात, हे त्या समितीनं विचारात घेतलं. १९४७ साली तिथे जो नवा प्लग आला, त्याच्या सॉकेटची भोकं आतून झाकलेली असतात आणि लांब अर्थपिन शिरली तरच उघडतात. तसे झाकणाचे सॉकेट आता आपल्याकडेही मिळतात. घर बांधताना टाइल्सचा रंग आपण चार दुकानं फिरून निवडतो. सॉकेट मात्र मिस्त्री आणेल तो.

आणि आपल्याकडे? अय्यलसोमयाजुला ललिता. आमच्या नदीपलीकडची भाषा बोलणाऱ्या, तेलुगू घरातल्या. अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर मुलगी. त्या काळात! वडिलांनी पाठबळ दिलं, मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली त्या इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या आणि पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी काम केलं. ही गोष्ट मी वर्गात सांगते ती मुली इंजिनीअर व्हाव्यात म्हणून नाही. झाल्या तर आनंदच. पण प्रेसची पट्टी वाचायला इंजिनीअर व्हावं लागत नाही.

हिशेब फक्त मरणाचाच नसतो, वेळेचाही असतो. आमच्याकडे ‘व्होल्टेज डाऊन’ हे रोजचं दुखणं. शेजारी वणीच्या खाणीत कोळसा, पलीकडे चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, आणि आमच्या गावात संध्याकाळी ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावते. आता पाणी तापवायचा रॉड घ्या. २३० व्होल्ट, १००० वॅट. त्याचा रोध निघतो ५३ ओहम. व्होल्टेज १७० वर आलं, तर १७० भागिले ५३, म्हणजे ३.२ अँपिअर. १७० गुणिले ३.२, म्हणजे साधारण ५४५ वॅट. व्होल्टेज चौथ्या हिश्शानं कमी झालं आणि रॉडची ताकद जवळजवळ निम्मी! थंडीच्या दिवसांत बादलीभर, म्हणजे वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत न्यायला पूर्ण व्होल्टेजला ३५ मिनिटं लागतात. १७० व्होल्टला तासाच्या वर. पाणी तेवढंच तापवायचं, म्हणून युनिटही तेवढंच पडणार, बिल कमी होत नाही. वाढते ती फक्त वाट पाहणारीची वेळ. पहाटे चारला उठणारी बाई साडेतीनला उठायला लागते आणि तिला वाटतं रॉड जुना झाला. (रॉड चालू असताना पाणी किती तापलं हे बोट घालून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. आधी प्लग काढायचा, मग बोट.)

हे व्होल्टेज जातं कुठे? वाटेत. डीपीपासून गावाच्या टोकापर्यंत आलेल्या तारेलाही रोध असतो. तार जितकी लांब आणि बारीक तितका जास्त. समजा तिचा रोध जाऊन-येऊन २ ओहम आणि सगळ्या घरांचा मिळून करंट १५ अँपिअर. २ गुणिले १५, ३० व्होल्ट वाटेतच खर्च. म्हणून डीपीजवळच्या घरात लख्ख उजेड आणि टोकाच्या वस्तीवर अंधूक. म्हणून दुपारी बरं आणि संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की वाईट. नियमांत २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली इतकीच मुभा पूर्वापार चालत आलेली आहे, म्हणजे २१६ च्या खाली जाता कामा नये. हा आकडा किती बायकांना माहीत आहे?

एका गावातल्या बायका याच तक्रारीसाठी कार्यालयात गेल्या होत्या. “लाइन कमजोर हाय जी.” समोरून उत्तर आलं, “बघतो.” ते बघणं अजून चालू आहे. मग त्यांच्या बचत गटानं प्लगमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणला. आठ दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा वहीत लिहिला. संध्याकाळी सातला १७२. सकाळी अकराला २१८. असा तक्ता अर्जाला जोडला की ‘लाइन कमजोर’ याचा अर्थ बदलतो. डीपी बदलली का? अजून नाही. पण यावेळी पोच मिळाली, सहीशिक्क्याची, आणि मोजायला माणूस आला. तोही म्हणाला, “आकडे बरोबर आहेत तुमचे.” त्या बायकांच्या चेहऱ्यावरचा भाव मी पाहिला आहे.

घरातल्या तारेचंही तसंच. रॉडचा किंवा प्रेसचा प्लग हाताला गरम लागतो, हे पहिल्यांदा बाईलाच कळतं. ती बोलते, आणि “चालायचंच” म्हणून सोडून देतात. सैल झालेल्या जोडाचा रोध एक ओहम जरी झाला, तरी रॉडच्या ४.३५ अँपिअरला त्या जागी १९ वॅट उष्णता तयार होते. दोन एलईडी बल्बांची सगळी वीज एका हरभऱ्याएवढ्या जागेत! प्लग वितळतो तो असा. घराला आग लागते तीही बऱ्याचदा अशीच. गरम प्लग म्हणजे तुमच्या हाताला कळलेलं ओहमचं गणित आहे. ‘चालायचंच’ म्हणणाऱ्याला ते सांगा.

काही जण म्हणतील, मॅडम, बायकांना एवढं शिकवलं तर त्या बोर्ड उघडत बसतील. नाही उघडणार. बोर्ड वायरमननंच उघडायचा, मीही उघडत नाही. पण वायरमनला काय करायचं ते सांगता आलं पाहिजे. “पंप बंद केल्यावर झिणझिण थांबते का ते बघा”, “अर्थिंग मोजून द्या”, “आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचीच पाहिजे”, ही वाक्यं बाईच्या तोंडून आली की वायरमनसुद्धा काडी खोचायला धजत नाही. आणि टाकीत पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग उपसून बाजूला ठेवायचा, कारण बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे बाहेरून दिसत नाही.

आरसीसीबी चांगल्या कंपनीची दोन हजारांच्या आगेमागे मिळते. हलकी रक्कम नाही, कबूल. पण बचत गट शिलाई मशीनला कर्ज देतो, शेळीला देतो, मग याला का देऊ नये? लग्नात नव्या जोडप्याला कूलर आहेर करणारी माणसं आहेत आमच्याकडे. सोबत आरसीसीबीही द्या म्हणते मी. हसतात लोक. हसू द्या.

बाजारातला इलेक्ट्रिकवाला मला एकदा म्हणाला, “मॅडम, लोक बसवतात अन् महिन्याभरात काढून टाकतात. सारखी पडते म्हनतात.” खरं आहे ते. पण ती पडते कारण घरात कुठेतरी गळती आहे. ती काढून टाकली की पडणं थांबतं, गळती तशीच राहते, आणि पुढे ती सापडते कुणाच्या तरी ओल्या हाताला. पडली तर असं करा. सगळ्या वस्तूंचे प्लग काढा. आरसीसीबी वर करा. मग हात कोरडे ठेवून एकेक प्लग लावत जा. प्रत्येक प्लग लावून दोन मिनिटं थांबा. ज्या वस्तूपाशी ती पुन्हा पडेल, ती बाजूला काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. काहीच न लावता पडत असेल तर गळती भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे, वायरमनला बोलवा. आणि आधी कूलरचा पंप बघा. आमच्या मुलींनी आपापल्या घरी शोध घेतला तेव्हा बहुतेक वेळा गळती तिथेच सापडली, टाकीतल्या पाण्यात बुडालेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या त्या एका जोडात.